लाजेचा कर्ता कोण?

लॅटिन शब्दकोशात क्रियापद शोधायचं तर ते 'मी'च्या रूपात शोधावं लागतं. आपण 'करणे', 'जाणे' असं शोधतो. लॅटिनमध्ये 'आमो' म्हणजे 'मी प्रेम करतो', 'स्क्रीबो' म्हणजे 'मी लिहितो', आणि त्याखाली बाकीची रूपं. म्हणजे सगळा कोश एका बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी घातलेला असतो. मी येतो, मी देतो, मी जिंकतो. पण काही थोडी क्रियापदं या रांगेत बसत नाहीत. कोशात ती तृतीय पुरुषातच सापडतात, कारण त्यांचं 'मी' असं रूप सहसा वापरातच नसतं. त्यांतली पाच व्याकरणाच्या पुस्तकांत नेहमी एकत्र दिलेली असतात आणि विद्यार्थी ती एका दमात पाठ करतात: पिगेत, पुदेत, पाएनितेत, ताएदेत, मिसेरेत.

पिगेत म्हणजे नको वाटतं, जिवावर येतं. पुदेत म्हणजे लाज वाटते. पाएनितेत म्हणजे पस्तावा होतो. ताएदेत म्हणजे वीट येतो. आणि मिसेरेत म्हणजे कीव येते. ज्या माणसाला हे सगळं होतं तो या वाक्यात कर्ता नसतो. तो द्वितीयेत असतो, 'मे', म्हणजे 'मला'. ज्या गोष्टीमुळे होतं ती षष्ठीत असते. मग कर्ता कोण? कुणीच नाही. क्रियापद एकवचनी, तृतीय पुरुषी, आणि त्याच्या मागे उभं असलेलं कुणी दिसत नाही.

हे मी जर्मनीत शिकले. तिथल्या विद्यापीठांत काही विषयांसाठी लॅटिनची परीक्षा द्यावी लागते. मला ती द्यायची होती, आणि माझ्या वर्गात बाकी सगळे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होते. बहुतेकांनी शाळेत थोडंफार लॅटिन केलेलं होतं, मी संस्कृतच्या भरवशावर गेले होते. विभक्त्यांची भीती नव्हती एवढंच माझं भांडवल. पाच क्रियापदांचा धडा आला तेव्हा बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: 'मे पुदेत ईराए मेआए.' वर्गात चुळबुळ झाली. एक मुलगा म्हणाला, लाज ज्याला वाटते तोच वाक्यात नाही, असं कसं? बाईंनी त्याला जर्मनमधलीच जुनी रूपं आठवायला लावली. 'मिश फ्रीर्ट', म्हणजे मला थंडी वाजते. 'एस रॉइट मिश', म्हणजे मला पस्तावा होतो. तो म्हणाला, हे माझी आजी बोलते.

मी मात्र फळ्याकडे बघत होते, कारण ते वाक्य मला भाषांतर न करताच कळलं होतं. मला माझ्या रागाची लाज वाटते. 'मे' म्हणजे मला. 'ईराए मेआए' म्हणजे माझ्या रागाची. षष्ठीसुद्धा जिथल्या तिथे होती. बाईंनी मला मराठी वाक्य फळ्यावर लिहायला सांगितलं. मी देवनागरीत लिहिलं आणि प्रत्येक शब्दाखाली विभक्ती लिहिली. ते बघून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे ही षष्ठी कशाला लागते? क्रियापदाला?" मी म्हटलं, "नाही, 'लाज' या नामाला. रागाची लाज." त्या हसल्या. लॅटिनमधल्या षष्ठीचं स्पष्टीकरण व्याकरणकार असंच देतात: 'पुदेत' या क्रियापदाच्या पोटात 'पुदोर', म्हणजे लाज, हे नाम दडलेलं आहे आणि षष्ठी त्या दडलेल्या नामाला चिकटलेली आहे. लॅटिनमध्ये जे पोटात आहे ते मराठीत उघड्यावर आहे. आपल्याला वेगळं स्पष्टीकरण लागतच नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी मनातल्या मनात पाचही मोजून पाहिली. मला तुझी कीव येते. मला या कामाचा वीट आलाय. मला त्याचा पस्तावा होतो. मला उठणं जिवावर येतं. आपलं अख्खं आतलं आयुष्य असंच बोललं जातं: राग येतो, भूक लागते, आठवण येते, भीती वाटते, हसू फुटतं, रडू कोसळतं. मी कुठेच काही करत नाही. मला होतं, येतं, लागतं, सुटतं. भाषाशास्त्रज्ञ याला अनुभव घेणाऱ्याची चतुर्थी म्हणतात. भारतातल्या कितीतरी भाषांमध्ये, आर्य आणि द्राविडी दोन्हींत, ही रचना आहे, आणि मराठीत तिच्यावर पुष्कळ काम झालेलं आहे. गंमत अशी की, संस्कृतात 'मह्यं रोचते', म्हणजे मला आवडतं, हे चतुर्थीत आहे, पण लाजेसाठी मात्र 'लज्जे' असं सरळ क्रियापद आहे: मी लाजतो. म्हणजे निदान लाजेच्या बाबतीत तरी आपण संस्कृतच्या वाटेनं चालत नाही.

मराठीत पुन्हा दोन वाटा आहेत. 'ती लाजली' आणि 'तिला लाज वाटली' या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे कुणी शिकवत नाही, पण मराठी घरातल्या पाच वर्षांच्या पोराला ते कळतं. लाजणारी मुलगी पाहुण्यांसमोर पदराआड जाते. लाज वाटणारी मुलगी रात्री जागी राहते. पहिलीत ती कर्ता आहे, दुसरीत लाज. 'रागावणं' आणि 'राग येणं', 'कंटाळणं' आणि 'कंटाळा येणं', 'दया करणं' आणि 'दया येणं' यांतही असाच फरक आहे. दया येते ती आपोआप. दया करतो त्यात थोडी ऐट असते.

मग एक प्रश्न मला छळायला लागला. लाज वाटते, पस्तावा होतो, असं म्हणणारा माणूस सुटका तर करून घेत नाही ना? पाऊस येतो तसा पस्तावा आला. त्यात माझं काय? फलाटावर गाडी रद्द झाल्याची घोषणा होते तेव्हा शेवटी खेद व्यक्त होतो, पण खेद नेमका कुणाला झाला ते समजत नाही. वर्तमानपत्रातल्या दिलगिरीच्या चौकटीत तर माणूसच नसतो, फक्त 'अनवधानाने' असतं. कर्ता नसलेलं वाक्य जबाबदारी झटकायला फार सोयीचं असतं, हे आपण रोज बघतो.

हा प्रश्न रोमन लोकांनाही पडला होता. सिसरोनं इ.स.पू. ५६ मध्ये मार्कस केलियस या तरुणाचा खटला चालवला. केलियसवर हिंसाचाराचे आणि विषप्रयोगाच्या कटाचे आरोप होते, आणि त्याच्या देखणेपणावरून, चारित्र्यावरूनही विरोधकांनी पुष्कळ बोलून घेतलं होतं. सिसरो म्हणाला की, केलियस हे बोलणं काही इतकं मनाला लावून घेणार नाही की आपण कुरूप जन्मलो नाही याचा त्याला पस्तावा व्हावा. त्यानं वापरलेलं क्रियापद होतं पाएनितेत. पुढे दोन टीकाकारांनी, गॅलस असिनियस आणि लार्सियस लिसिनस यांनी, सिसरोची चूक काढली. यांतल्या लिसिनसनं तर सिसरोविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकाला 'सिसरोवरचा चाबूक' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं: पाएनितेत हे क्रियापद आपण स्वतः केलेल्या किंवा आपल्या मर्जीनं झालेल्या गोष्टीबद्दलच वापरायचं असतं. आपण जन्मलो याचा, आपण मर्त्य आहोत याचा 'पस्तावा होतो' असं कुणी म्हणत नाही. मग देखणं जन्मण्याचा पस्तावा कसा होईल?

ही सगळी हकीकत दुसऱ्या शतकातल्या औलस गेलियसनं आपल्या 'अ‍ॅटिक रात्री' या ग्रंथाच्या सतराव्या भागाच्या सुरुवातीलाच नोंदवली आहे. त्यानं सिसरोची बाजू घेतली. शब्दाचा अर्थ टीकाकार म्हणतात तसा आहे हे त्याला मान्य आहे. पण तो म्हणतो, सिसरो थट्टा करत होता. देखणेपण हा जणू केलियसनं मुद्दाम केलेला गुन्हा आहे अशा थाटात विरोधक बोलत होते, म्हणून सिसरोनं मुद्दाम गुन्ह्याला शोभेल असं क्रियापद वापरलं.

मला या भांडणात जे सापडलं ते सिसरोच्या विनोदाहून मोठं वाटलं. वाक्यात कर्ता नाही, तरी दोन्ही बाजूंना हे पक्कं ठाऊक होतं की पाएनितेत म्हटलं म्हणजे करणारा तोच, ज्याला पस्तावा होतोय. कर्तेपण वाक्यातून गेलं म्हणून माणसावरून गेलं नाही. ते षष्ठीत जाऊन बसलं: माझ्या कृत्याचा. मला पस्तावा होतो, पण कशाचा? मी केल्याचा. मराठीतही तसंच आहे. पाऊस पडला याचं वाईट वाटू शकतं. पाऊस पडला याचा पस्तावा मात्र होत नाही. छत्री न घेतल्याचा होतो.

अर्थात रोमन पस्तावा फार उदात्त होता असं नाही. पाएनितेत या शब्दाचा जुना अर्थ 'पुरेसं न वाटणं, उणं पडणं' असा होता, आणि 'जवळजवळ' या अर्थाच्या 'पाएने'शी व टंचाई या अर्थाच्या 'पेनुरिया'शी त्याचं नातं सांगतात. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कॅस्टर यांनी रोमन भावनांवरच्या २००५ सालच्या पुस्तकात या शब्दाचा बारकाईनं विचार केला आहे आणि या पस्ताव्याच्या आत्मकेंद्रीपणावर बोट ठेवलं आहे. रोमन माणसाचा पस्तावा पुष्कळदा स्वतःच्या तोट्याभोवती फिरतो: माझा हिशेब चुकला, माझ्या हातून चांगलं निसटलं. ज्याचं नुकसान झालं तो दुसरा माणूस त्या वाक्यात असेलच असं नाही. षष्ठीत कृत्य आहे, द्वितीयेत मी आहे. जिच्यावर अन्याय झाला ती कुठल्या विभक्तीत?

मग ख्रिस्ती धर्म आला आणि या क्रियापदाऐवजी त्याचं नाम पुढे आलं: पाएनितेन्तिया. नाम झालं की ते 'करता' येतं. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमनं बायबलचं लॅटिन भाषांतर हाती घेतलं. त्या लॅटिन बायबलमध्ये लोकांना सांगितलेली गोष्ट 'पस्तावा होऊ द्या' अशी येत नाही, 'पाएनितेन्तिया करा' अशी येते. आज्ञार्थ. मधल्या काळात शिक्षा या अर्थाच्या 'पोएना' शब्दाशी नातं आहे असं समजून शब्दाचं स्पेलिंगही 'पोएनितेन्तिया' असं बदललं. कबुली, मग पाद्र्यानं ठरवून दिलेलं प्रायश्चित्त, मग सुटका. जे होत होतं ते आता करायचं, मोजायचं आणि संपवायचं काम झालं. १५१६ मध्ये इरॅस्मसनं ग्रीक नवा करार छापला तेव्हा मूळ ग्रीक शब्दात मन पालटणं, भानावर येणं हा अर्थ आहे याकडे त्यानं लक्ष वेधलं. पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, मार्टिन ल्यूथरनं आपल्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा याच शब्दावर मांडला: हे एका दिवसात उरकायचं कर्मकांड नसून माणसाचं सगळं आयुष्यच तसं असायला हवं. युरोप दुभंगला त्या भांडणाच्या उंबरठ्यावर हा शब्द उभा होता. आणि १८२९ साली फिलाडेल्फियात कैद्यांनी एकांतात बसून पस्तावा करावा म्हणून एक भलामोठा तुरुंग उघडला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे: पेनिटेन्शरी. एका क्रियापदाच्या भोवती भिंती उभ्या राहिल्या.

तरीही त्याच लॅटिन बायबलमध्ये एका जागी जुनं क्रियापद शिल्लक आहे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, प्रलयाच्या आधी, माणूस निर्माण केल्याचा देवाला पस्तावा होतो. हिब्रू वाक्यात देव कर्ता आहे. लॅटिनमध्ये देवच द्वितीयेत आहे. विश्वाचा कर्ता एवढ्या एका वाक्यापुरता कर्म झाला आहे, आणि क्रियापद त्याला धरून उभं आहे. मला ते वाक्य फार आवडतं. सर्वशक्तिमानालासुद्धा पस्तावा करता येत नाही, त्याला तो होतो.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले. पण या क्रियापदांचा खरा वापर मी पाहिला तो आमच्या घरात.

आमचे आजोबा १९६१ मध्ये गेले. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे, साताऱ्यात एका कचेरीत नुकतेच कारकून म्हणून लागलेले. पाठीवर चार भावंडं. आत्या चौदा वर्षांची, आठवीत पहिली आलेली. फी सगळ्यांची भरणं शक्य नव्हतं. बाबांनी ठरवलं की तिन्ही भाऊ शिकतील आणि आत्या घरी आईला हाताशी येईल. तेव्हा घरोघरी असंच ठरत होतं. आत्याचं अठराव्या वर्षी लग्न झालं. पुढे तिनं तीस वर्षं डबे केले. पोळ्यांचा हिशेब ती वहीत अतिशय सुंदर अक्षरात लिहायची.

२००९ च्या भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर, बाबांनी ताटात नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पैसे ठेवले. आत्यानं ताटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बाबा म्हणाले, "त्या वेळचं मला फार वाईट वाटतं गं. तुझ्या शाळेचं."

आत्या म्हणाली, "वाटतं ना, दादा? वाटू दे."

आणि ती निरांजन घेऊन आत गेली. खोलीत कुणीच काही बोललं नाही. काकूंना वाटलं तिनं सणाच्या दिवशी मोठ्या भावाचा अपमान केला. धाकट्या काकांना वाटलं तिनं माफ केलं. बाबांनी चहा घेतला आणि त्यावर कधीच चर्चा केली नाही.

मी मात्र त्या दोन शब्दांवर पुष्कळ विचार केला, लॅटिन शिकल्याचा तेवढाच उपयोग म्हणा. 'वाटू दे'मध्ये क्षमा नाही आणि शापही नाही. ती म्हणाली नाही की जाऊ दे, झालं गेलं. ती असंही म्हणाली नाही की नुसतं वाटून काय उपयोग. त्यांना जे होत होतं ते तिनं खरं मानलं आणि ते जिथे होतं तिथेच राहू दिलं. पैशांनी ते फिटावं असं तिला नको होतं. त्या घरात पस्तावा ही एकच वस्तू अशी होती जी तिच्या नावाची होती. ती ती का सोडेल?

२०१५ मध्ये आत्याच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. चारही वर्षांची फी बाबांनी पेन्शनमधून भरली. दर वर्षी स्वतः बँकेत जाऊन. आत्यानं नाही म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. २०१९ मध्ये, नातीचं शेवटचं वर्ष संपलं त्याच उन्हाळ्यात, बाबा गेले. तेराव्यानंतर आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो होतो. मी म्हटलं, "आत्या, फी भरून बाबांना जरा बरं वाटलं असेल, नाही?"

ती म्हणाली, "फी भरली ते वेगळं. हे वेगळं." थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "दादाला शेवटपर्यंत वाटत होतं. मला दिसायचं."

जेरोमपासून ल्यूथरपर्यंत ज्यावर घोळ झाला तो फरक आठवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आत्यानं दोन शब्दांत सांगितला. करायचं ते करावं, फी भरावी, नातीला शिकवावं. ते करणाऱ्याचं काम आहे आणि तिथे 'मी' कर्ता हवाच. पण जे वाटतं ते केल्यानं संपत नाही आणि वाटतं म्हणून करणं टळत नाही. एकानं दुसऱ्याचं बिल भरता येत नाही. आणि ज्या माणसावर अन्याय झाला त्याची विभक्ती मला तिच्या शेवटच्या वाक्यात सापडली. 'मला दिसायचं.' तीही चतुर्थीत होती. एकाला वाटत होतं, दुसरीला ते दिसत होतं. दहा वर्षं त्या दोघांमध्ये यापलीकडे काही बोलणं झालं नाही, आणि मला वाटतं त्यांना ते पुरलं.

आता माझं रोजचं काम भाषांतराचं आहे. लॅटिन कमी येतं, जर्मन जास्त. जर्मनमधला नेहमीचा शब्द 'इश बेरॉइए' आहे, म्हणजे सरळ 'मी पश्चात्ताप करतो'. जुनं 'एस रॉइट मिश' आता क्वचितच कुणी लिहितं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या लॅटिनच्या लेकींनीही पस्ताव्यासाठी 'मी'ला कर्ता करणारी क्रियापदं घेतली. मराठीतही हल्ली पत्रांत, भाषणांत, निवेदनांत 'मी खेद व्यक्त करतो' असं सर्रास येतं, आणि बायबलच्या मराठी भाषांतरांपासून पश्चात्ताप 'करायचा' असतो हेही रुळलेलं आहे. त्यात चूक काही नाही. मूळ लेखकानं 'करतो' म्हटलं असेल आणि त्याला करणंच म्हणायचं असेल, तर मी 'करतो' लिहिते.

पण एखाद्या कादंबरीत म्हातारा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो, त्याला काहीतरी सांगायचं असतं, आणि समोरची बाई मान वर करत नाही. तिथे मूळ वाक्यात कर्ता असला तरी मी तो काढून घेते. त्याला 'मला' करते, क्रियापद 'वाटतं' ठेवते आणि पुढच्या ओळीकडे जाते.